कराटेवाल्याचा पुतळा आणि वखारीचं दार

सत्याप्पा गवंड्याच्या देवाप्पाचं लग्न झालं, ते साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. सून लोंढ्याची केली. नाव गुणाबाई. तिचा बाप रेल्वेच्या रुळांवर कामाला होता. घरात सासू नव्हती. देवाप्पा पाच वर्षांचा असतानाच त्याची आई गेली होती. त्याला लहानाचा मोठा केला तो सत्याप्पाच्या थोरल्या, विधवा बहिणीनं, नागुबाईनं. ती शेजारच्याच खोलीत राहायची आणि निपाणीतल्या तंबाखूच्या एका वखारीत कामाला जायची. तीस वर्षं झाली होती तिला तिथं.

घर कष्टाचं होतं आणि समाधानाचंही होतं. पण त्या घराला एक खूळ लागलं होतं, आणि ते खूळ थेट हाँगकाँगहून आलं होतं.

झालं असं, की त्या सुमाराला गावातल्या टॉकीजला कराटेचे पिच्चर येऊ लागले. त्यांतला एक नट मरून बरीच वर्षं झाली होती, पण पडद्यावर तो रोज तीन खेळ जिवंत होत असे. बारकी अंगकाठी, कपाळावर केस, उघडं अंग. तो ओरडला की दहा माणसं आडवी! वस्तीतल्या तरण्या पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याचं खरं नाव कुणाच्या जिभेवर नीट बसेना, म्हणून सगळे त्याला कराटेवालाच म्हणू लागले. देवाप्पानं त्याच्यासारखे केस वाढवले, अंगणातल्या लिंबाला वाळूचं पोतं टांगलं, आणि रोज सकाळी गॅरेजात कामाला जाण्याआधी तो त्या पोत्याला लाथा घालू लागला.

"ए देवा," नागुबाई चुलीपुढून ओरडायची, "त्या पोत्यानं तुझं काय खाल्लंय रं?"

"आत्ती, प्रॅक्टिस हाय ही."

"मग दोन घागरी पाणी आणायची प्रॅक्टिस कर की. तुझी बायको तरी आशीर्वाद देईल."

नवी सून तोंडाला पदर लावून हसायची. सत्याप्पाही मिशीत हसायचा.

दिवाळी झाली आणि खूळ अंगणातून चौकात आलं. वस्तीच्या तरुण मंडळानं ठराव केला, की वस्तीच्या तोंडाशी कराटेवाल्याचा पुतळा बसवायचा. देवाप्पा मंडळाचा अध्यक्ष, त्याचा मित्र परशराम सेक्रेटरी. दोघंही सत्याप्पापुढं येऊन उभे राहिले.

"मिस्त्री," परशराम म्हणाला, "गावात पुतळे लई हाईत. पण एकेक पुतळा एकेकानं वाटून घेतलाय. ह्यो कुणाच्याच वाट्याचा न्हाय, म्हणून आपला. आमच्यागत हडकुळा, तरी मोठ्या मोठ्यांना भिडतो. अन्याय झाला की गप बसत न्हाय."

"आन करणार कोण?"

"तुम्हीच! खाली फरशीवर तुमचं नाव कोरायचं. शिल्पकार सत्याप्पा!"

हे ऐकलं आणि सत्याप्पाच्या हातातली विडी तशीच विझली. कारण सत्याप्पा नुसता विटा रचणारा गवंडी नव्हता. निपाणीपासून चिकोडीपर्यंत घरांच्या कठड्यांवर सिमेंटचे सिंह, मोर आणि गदा घेतलेले पैलवान दिसत, त्यांतले कितीतरी त्याच्या हातचे होते. ज्यांच्या माडीवर त्यानं सिंह बसवला, त्यांच्या माजघरात त्याला पाणी मिळालं नव्हतं; ते मागच्या दारी, वरून ओतून मिळालं. आणि नाव? नाव नेहमी घरमालकाचं. आपल्या हातच्या कामाखाली आपलं नाव असावं, ही त्याची चाळीस वर्षांची इच्छा होती. त्यानं होकार दिला.

पण त्याची अडचण अशी, की त्यानं कराटेवाल्याला कधी पाहिलेलं नव्हतं. त्याच्या हाताला पैलवानाची सवय. त्यानं सळ्या वाकवल्या, जाळी बांधली, विटांचे तुकडे भरले आणि आठवड्यात पुतळ्याचा नमुना उभा केला. रुंद छाती, खांबासारख्या मांड्या, पिळदार मिशा. फक्त गदा तेवढी दिली नव्हती. मंडळाची पोरं बघायला आली आणि एकमेकांच्या अंगावर पडून हसू लागली.

"मिस्त्री, ह्यो तर तालमीतनं दूध पिऊन आलाय!"

"आप्पा, त्याला मिशा न्हाईत हो! आन अंगावर मांस बी न्हाय!"

"मांस न्हाय तर दहा माणसं पाडतोय कशानं?" सत्याप्पा वैतागून म्हणाला. "दूध नको, तूप नको, नुसतं वरडून कोण पडतंय व्हय?"

शेवटी पोरांनी त्याला रविवारच्या दुपारच्या खेळाला टॉकीजला नेलं. बोलणं त्याला कळलं नाही, पण गोष्ट कळली. बंदरावर मोठं गोदाम असतं. दारावर गलेलठ्ठ राखणदार असतो. काम सुटलं की तो म्हाताऱ्या हमालांना अडवतो, त्यांच्या डोक्यावरची फडकी उडवतो, खिसे उलटे करतो आणि हसतो. एक दिवस कराटेवाला तिथं येतो. तो शांतपणे म्हाताऱ्याचं फडकं उचलून त्याच्या डोक्यावर ठेवतो, आणि मग वळतो. पुढं जे झालं त्याला सगळ्या टॉकीजनं शिट्ट्या मारल्या. सत्याप्पा तर बाकावर उभा राहून टाळ्या पिटत होता! घरी येऊन त्यानं नागुबाईला आणि सुनेला सगळी लढाई हातवारे करून दाखवली. दुसऱ्या दिवशी त्यानं पैलवानाच्या मांड्या फोडल्या आणि नव्यानं काम सुरू केलं.

आता सवाल होता सिमेंटचा. त्या काळी सिमेंट परमिटवर मिळायचं, आणि परमिट मिळेपर्यंत माणूस म्हातारा व्हायचा. पोरं मारुतीरावांकडे गेली. मारुतीराव म्हणजे नागुबाई ज्या वखारीत कामाला होती, तिचे मालक. त्यांच्या नव्या गोदामाचं बांधकाम चालू होतं. त्यांनी आठ पोती सिमेंट दिलं आणि एवढंच म्हणाले, "उद्घाटनाला आम्हालाच बोलवा म्हणजे झालं." पोरं खूष! तारीख ठरली, मांडवाचं ठरलं. फरशीवर काय कोरायचं तेही मारुतीरावांनीच लिहून दिलं.

इथं निपाणीतली एक रीत सांगायला हवी.

वखार सुटायची साडेपाचला. दिवसभर तंबाखू चाळून, कांड्या वेगळ्या करून बायका बाहेर निघायच्या, तेव्हा दारावर भावकू नावाचा दरवान उभा असायचा. बायकांनी रांगेनं यायचं, दोन्ही हात वर करायचे, आणि भावकूनं पदर, कंबर, ओटी चाचपून बघायची. चिमूटभर तंबाखू कुणी लपवून नेतेय का, म्हणून. याला झडती म्हणत. वस्तीतल्या पुरुषांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांनी एक सभ्यपणा पाळला होता. साडेपाचच्या सुमाराला वखारीच्या रस्त्यानं जायचं नाही. घरी यायचं असलं तर मागच्या ओढ्याकडून वळसा घालून यायचं. आपल्या आयाबहिणींना लाज वाटू नये, म्हणून! हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. बाप वळसा घ्यायचा, म्हणून मुलगा घ्यायचा. सत्याप्पाही तीस वर्षं वळसा घेत आला होता, आणि त्यात आपण बहिणीचा मान राखतो, असंच त्याला मनापासून वाटत होतं.

पुतळ्याचं काम चालू असतानाच गुणा नागुबाईबरोबर वखारीत जाऊ लागली. पहिल्या दिवशी ती घरी आली ती न जेवता झोपली. धुळीनं डोकं धरलं असेल, असं सत्याप्पाला वाटलं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी ती नागुबाईच्या आधी, एकटीच घरी आली आणि उंबऱ्यावर बसली. मागून नागुबाई आली.

"काय झालं?" देवाप्पानं विचारलं.

"हिनं भावकूचा हात झटकला," नागुबाई म्हणाली. "मालक म्हणाले, माफी माग, सगळ्यांदेखत झडती दे, तरच उद्या आत पाऊल टाक."

देवाप्पाचा चेहरा उतरला. मालक म्हणजे उद्घाटनाचे पाहुणे! "अगं, सगळ्या देत्यात झडती. माझी आत्ती तीस वर्षं देती. तूच एकटी काय राणी लागून गेलीस?"

गुणानं मान वर केली. लग्न झाल्यापासून ती नवऱ्यापुढं एवढं कधी बोलली नव्हती.

"आमच्या लोंढ्याला स्टेशनावर चोर धरला, तर त्याची सुद्धा झडती पोलीस असा हासत हासत घेत न्हाय. माझ्या अंगाला परक्याचा हात लागतो आन तुम्ही रोज सकाळी त्या पोत्याला लाथा घालता! पोत्यानं काय केलंय तुमचं?"

देवाप्पा तडक बाहेर निघून गेला. सत्याप्पा पुढं झाला. त्याचा सुनेवर जीव होता. त्यानं अगदी मायेनं समजूत घातली.

"पोरी, तुझं खरं हाय. पण चार दिवस गप ऱ्हा. पुतळा हूं दे. माफी म्हंजे काय, दोन शब्द. मग बघू आपण. अशा गोष्टीचा बोभाटा झाला की बाईचीच अब्रू जाते."

गुणा उठून आत गेली. नागुबाई मात्र हलली नाही. तिनं डोक्याचं फडकं सोडलं, तंबाखूची पिवळी धूळ अंगणात झाडली, आणि भावाकडं रोखून पाहिलं.

"सत्या, तुला एक विचारू?"

"विचार की, आक्का."

"तू परवा पिच्चरची लढाई दाखवलीस. दारावरचा माणूस म्हाताऱ्याचं फडकं उडवतो. कराटेवाला त्याला लोळवतो. तू बाकावर उभं ऱ्हाऊन टाळ्या पिटल्यास. व्हय ना?"

"व्हय."

"ते दार कुठलं रं?"

"तिकडं, बंदरावरचं."

"आन हितलं दार कुठं हाय? तुझ्या पुतळ्यापासनं शंभर पावलांवर! तिकडच्या म्हाताऱ्याच्या फडक्यासाठी तुझं रगत उसळलं. हितं बहिणीच्या पदराला हात लागतो, तर तू ओढ्याकडनं वळसा घेतोस."

"आक्का! मी तुझा मान राखायचा म्हणून..."

"मान?" नागुबाईचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "ऐक. मी पहिल्यांदा त्या रांगेत उभी ऱ्हायले, तवा माझ्या नवऱ्याला जाऊन वर्ष झालं न्हवतं. वर्षभर रोज रडत घरी आले. मग रडू यायचं बंद झालं. मी पदराला दोन वेढे घ्यायला शिकले, डोळं मिटायला शिकले. भावकूच्या आधी दुसरा व्हता, त्याच्या आधी तिसरा. तीस वर्षांत तुला कधी सांगितलं न्हाय. का न्हाय सांगितलं?"

नागुबाईनं हातातलं फडकं पुन्हा झटकलं.

"तू म्हणशील, आक्का, गप ऱ्हा, अब्रू जाईल. म्हणून न्हाय सांगितलं. आन बघ, आज तू सुनेला तेच म्हणालास! अरं, अब्रू जाते ती हात घालणाऱ्याची. आमची कशी जाईल? आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो हाय. त्यांनी आपल्याला हार घालायला शिकवलं, का मान वर करून बोलायला शिकवलं? तुम्ही त्यांचा फोटो भिंतीवर लावला, आता कराटेवाला चौकात लावा. सगळ्यांना उभं करा रं. तुम्ही तेवढं बसून ऱ्हावा!"

एवढं बोलून ती आपल्या खोलीत गेली. सत्याप्पा लिंबाखाली बसून राहिला. त्याच्या हाताला पुतळ्याचं ओलं सिमेंट वाळून चिकटलं होतं, ते तो नखानं काढत राहिला.

दुसऱ्या दिवशी गुणा घरीच राहिली. नागुबाई कामावर गेली. सत्याप्पानं पाचला काम थांबवलं, हातपाय धुतले आणि तीस वर्षांत पहिल्यांदा तो त्या वेळेला वखारीच्या रस्त्यानं निघाला. वखारीसमोर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्या पायरीवर बसला. साडेपाचला दार उघडलं.

नव्वद बायकांची रांग. कुणी म्हातारी, कुणी पोटुशी, कुणी चौदा-पंधरा वर्षांची. एकेकीचे हात वर जात होते. भावकूचा हात चालत होता, आणि तोंडही चालत होतं. "काय गं, आज जड लागतीस! ओटीत तंबाखू हाय का आणखी काय?" आतले दोन कारकून हसत होते. मग नागुबाईची पाळी आली. पन्नाशी उलटलेली, केस पिकलेली त्याची आक्का, जिनं त्याच्या लेकराला आईची उणीव भासू दिली नाही, तिनं डोळे मिटले आणि दोन्ही हात वर केले.

सत्याप्पानं मान वळवली नाही. त्यानं शेवटपर्यंत पाहिलं. मग तो उठला.

सकाळी संगमरवरी फरशी आली. पोरं गोळा झाली. परशरामनं ती मोठ्यानं वाचून दाखवली: उद्घाटक, तंबाखूचे थोर व्यापारी मारुतीराव. खाली बारीक अक्षरात: शिल्पकार सत्याप्पा मिस्त्री. सत्याप्पानं आपल्या नावावरून बोट फिरवलं. त्याला सही करण्यापुरती अक्षरं येत होती, त्यामुळं आपलं नाव ओळखू आलं. कोरीव, खोल, पावसात न जाणारं. चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते नाव!

मग त्यानं चौथऱ्यावर ताजा माल पसरला, फरशी उचलली आणि अक्षरं खाली करून मालात दाबून बसवली.

"मिस्त्री! उलटी बसली!" परशराम ओरडला.

"उलटी न्हाय. बरोबर बसली."

"आप्पा, काय करताय हे?" देवाप्पा धावला. "मालक काय म्हणतील? सिमेंट त्यांचं हाय!"

"सिमेंट त्यांचं, हात माझा. आन रांगेत हात वर करणारी बहीण बी माझी." सत्याप्पा थापी पुसत म्हणाला. "ज्या माणसाच्या दारात माझ्या घरच्या बायकांची झडती व्हते, त्याच्या हातानं ह्या पुतळ्यावरचं कापड निघणार न्हाय. पोरांनो, तुम्ही मला सांगितलंत, ह्यो अन्याय झाला की गप बसत न्हाय. खरं का खोटं?"

"खरं," दोघंतिघं पुटपुटले.

"मग आज साडेपाचला सगळ्यांनी वखारीच्या रस्त्यानं यायचं. कुणीबी वळसा घ्यायचा न्हाय. नुसतं बघायचं. माझ्यानं तीस वर्षं झालं न्हाय, ते तुम्ही आज करा."

पोरं चुळबुळली. परशरामची आई त्याच वखारीत होती, आणखी चौघांच्या आया होत्या, बहिणी होत्या. आपल्या आईला तसं उभं राहिलेलं पाहायचं, या विचारानंच त्यांना कसंसं झालं. पण जी गोष्ट डोळ्यांनी बघवत नाही, ती आईनं रोज सोसायची काय? हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात आलं असावं. कारण साडेपाचला पंचवीस-तीस जण त्या रस्त्यावर आले. गुणाही आली आणि सासऱ्याच्या शेजारी उभी राहिली.

दार उघडलं. बायकांनी समोर आपली माणसं पाहिली आणि रांगेत एकच गडबड उडाली. पदर तोंडावर आले. कुणी मागं फिरली, कुणी भिंतीकडं तोंड केलं. भावकूही क्षणभर गांगरला, पण कारकून मागं उभे होते, त्यानं पहिल्या बाईकडं हात केला, "चल, हात वर!"

ती पहिली बाई नागुबाई होती.

देवाप्पाच्या डोळ्यांत अंगार उतरला. ज्या हातांनी त्याला घास भरवला ते हात त्यानं वर जाताना पाहिले, आणि तो पोत्यावर झेप घ्यावी तसा रस्ता ओलांडून झेपावला. भावकू मागं सरकला.

"देवा! जागेवर उभा ऱ्हा!" नागुबाई ओरडली.

"आत्ती, एकच लाथ घालतो!"

"आन उद्या त्याच्या जागी दुसरा भावकू येईल, तुला पोलीस नेतील, आन आमचे हात वरच ऱ्हातील! तू लाथ घालून माझे हात खाली येणार न्हाईत. ते मीच खाली घ्यायला पाहिजेत!"

आणि तिनं घेतले! दोन्ही हात शांतपणे खाली घेतले, पदर खोचला आणि मागं वळून म्हणाली, "तोंडं कशाला झाकताय गं? चोरी केलीय आपण? आपली माणसं हाईत समोर. बघू द्या त्यांना. आजपासनं कुणी हात वर करायचा न्हाय!"

मग परशरामच्या आईनं तोंडावरचा पदर काढला. तिच्या मागच्या पोटुशी बाईनं काढला. एकीमागून एक चेहरे उघडे झाले. नव्वद बायका वखारीच्या दारातच खाली बसल्या. समोर रस्त्यावर पुरुष उभे. दगड नाही, शिवी नाही, घोषणा नाही.

दुसऱ्या दिवशी वखारीत काम बंद राहिलं. बायका वेळेवर आल्या आणि दाराबाहेर बसल्या. साडेपाचला पुरुष आले आणि समोर उभे राहिले. दुसऱ्या वस्त्यांमधलेही आले. त्यांच्याही घरच्या बायका तिथं होत्या, त्यांनीही वळसा घ्यायचं सोडलं. मारुतीरावांनी निरोप पाठवले, धमकावलं, सिमेंटची आठवण करून दिली. सत्याप्पानं उलट निरोप धाडला, "पुतळा फोडून आपलं सिमेंट खुशाल घेऊन जावं. आम्ही अडवणार न्हाय." कोण येणार फोडायला?

पाचव्या दिवशी मारुतीराव स्वतः दाराशी आले. माल भरून न्यायला आलेल्या दोन लॉऱ्या रिकाम्या उभ्या होत्या.

"नागुबाई," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमचं म्हणणं मला पटलं. पुरुषानं झडती घेणं बरं नव्हे. उद्यापासून तूच घे. तुला दारावर नेमतो. चाळणीचं काम सुटलं तुझं."

तीस वर्षांच्या धुळीतून सुटका! क्षणभर सगळ्यांनी नागुबाईकडं पाहिलं. तिला खोकल्याची ढास लागली. ती ओसरल्यावर तिनं मान वर केली.

"मालक, चोर समजूनच हात लावायचा असंल, तर भावकूचा हात काय आन माझा काय, सारखाच. मला दारावर नेमू नका. आम्ही आमची पिशवी, आमचा डबा तुमच्या पुढ्यात पालथा करू. आमचा पदर आम्ही झाडू. अंगाला मात्र कुणाचा हात लागायचा न्हाय. आन ह्या पोरीला कामावर घ्यायचं, माफी न मागता."

"एवढ्या बायकांवर विश्वास ठेवायचा?"

"आम्ही तीस वर्षं तुमच्यावर ठेवला की!"

रस्त्यावर हशा पिकला. मारुतीरावांनाही हसावं की चिडावं कळेना. त्यांनी लॉऱ्यांकडं पाहिलं, रस्त्यावरच्या माणसांकडं पाहिलं, आणि होकाराची मान हलवली. त्याच आठवड्यात भावकूला आतल्या वजनकाट्यावर घातलं. भावकू वाईट होता असं नाही. त्याच्या हाताला कुणी कधी अडवलंच नव्हतं. पुढं एकदा त्यानं रस्त्यात गुणाला पाहिलं आणि मान खाली घातली. गुणानं घातली नाही.

पुतळ्याचं उद्घाटन ठरल्या तारखेला झालं नाही. नंतर एका संध्याकाळी वखार सुटल्यावर बायका चौकातून घरी चालल्या होत्या, तेव्हा देवाप्पानं त्यांना थांबवलं आणि आत्तीला म्हणाला, "कापड तूच काढ." नागुबाईनं कापड ओढलं. खाली तो उभा होता, बारकी अंगकाठी, दोन्ही मुठी छातीशी. त्या सगळ्या बायकांनी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. "बाई, किती वाळलाय गं," नागुबाई म्हणाली, "जेवत न्हवता का काय!" सगळ्या हसल्या, आणि सत्याप्पाही पोट धरून हसला. पायथ्याला नाव कुणाचंच नव्हतं. कुणी विचारलं तर पोरं सांगायची, "नावं हाईत. खालच्या अंगाला हाईत."

हे वाचणाऱ्या माझ्या गावकऱ्यांनो, पुतळा उभा करणं वाईट नाही. ज्याचं शौर्य आपल्याला आवडतं, त्याची आठवण चौकात असावी. पण पुतळा आपल्या जागी उभा राहत नाही. आपल्या जागी आपल्यालाच उभं राहावं लागतं. आणि आणखी एक. अन्याय दिसू नये म्हणून आपण जो वळसा घेतो, त्याला आपण सभ्यपणा म्हणतो, मर्यादा म्हणतो, घरची अब्रू म्हणतो. तो वळसाच त्या अन्यायाचा सगळ्यात मोठा आधार असतो! तुमच्या गावात, तुमच्या कचेरीत, तुमच्या घरात असा एक रस्ता असेलच, जिथं ठरावीक वेळेला तुम्ही जायचं टाळता. एकदा त्या वेळेला त्या रस्त्यानं जा. मान वळवू नका. आणि घरातली बाई काही सांगू लागली, तर तिला गप राहा म्हणू नका. आधी ऐकून घ्या.

नागुबाई पुढं आणखी सात वर्षं त्याच वखारीत तंबाखू चाळत होती. ती धूळ तिच्या छातीत बसली होती. एकोणीसशे शहाऐंशी सालच्या फेब्रुवारीत, बेळगावच्या दवाखान्यात ती वारली.